अंगणापर्यंत चालत आलेली आपा

तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढं मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी. १९८०च्या दशकात बांगलादेशातल्या लाखो बायकांना हे प्रमाण तोंडपाठ झालं होतं. साडी नेसलेली एखादी तरुण बाई चालत गावात यायची, एकेका घराच्या अंगणात बसायची आणि घरातल्या आईकडून तिच्याच भांड्यात, तिच्याच चिमटीनं ते पाणी करवून घ्यायची. मुलाला पातळ जुलाब सुरू झाले की वाट न बघता हे पाजायला लागायचं, एवढं पक्कं झाल्याशिवाय ती उठत नसे. गावात तिला ‘आपा’ म्हणत, म्हणजे ताई.

यामागचं शास्त्र सोपं आहे. जुलाबात पोर दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे. नुसतं पाणी पाजलं तर ते टिकत नाही. पण आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत शिरतात आणि आपल्यामागे पाणी ओढून घेतात. म्हणून मिठाला साखरेची किंवा गुळाची सोबत हवी. १९६८ मध्ये डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण अमेरिकन डॉक्टरांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात कॉलऱ्याच्या रुग्णांवर हे सिद्ध केलं. १९७१ मध्ये सीमेपलीकडे बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून देण्याचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आणलं. राहिला होता तो शेवटचा टप्पा, आणि तोच सगळ्यात अवघड होता. हे ज्ञान दवाखान्यातून अशा घरात न्यायचं होतं, जिथून बाई बाहेर पडत नाही आणि जिथे परका पुरुष पाऊल ठेवू शकत नाही.

‘ब्रॅक’ या संस्थेनं १९८० मध्ये हे काम अंगावर घेतलं. तिचे संस्थापक फझले हसन आबेद चितगावमध्ये शेल या तेल कंपनीत अधिकारी होते. १९७०च्या चक्रीवादळानंतरच्या मदतकार्यात त्यांचं आयुष्य वेगळ्या वाटेला लागलं. लंडनमधलं आपलं घर विकून त्यांनी १९७२ मध्ये सिल्हेट भागातल्या सुल्ला इथे काम सुरू केलं. मीठ-गुळाच्या मोहिमेत त्यांनी आपांच्या पगाराची पद्धत वेगळी ठेवली. आपा येऊन गेल्यावर काही दिवसांनी एक तपासनीस त्यांतल्या काही घरी अवचित जायचा आणि आईला ठरलेले प्रश्न विचारायचा. आईला किती आठवतं, पाणी नीट करता येतं का, यावर आपाची कमाई ठरायची. किती घरं फिरली, याला फारशी किंमत नव्हती.

तरीही सुरुवातीला फसगत झाली. बायकांना सगळं पाठ होतं, पण प्रत्यक्षात मूल आजारी पडलं की ते पाणी पाजणाऱ्या फारच थोड्या निघाल्या. कारण शोधायला गेल्यावर कळलं की खुद्द शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत होत्या. मग प्रशिक्षण बदललं. हे पाणी नेमकं काय करतं ते त्यांना समजावलं, स्वतः पिऊन बघायला सांगितलं. बायकांना शिकवून भागत नाही, गूळ बाजारातून पुरुष आणतो, हेही ध्यानात आलं. त्यामुळे बाजारात आणि मशिदीत पुरुषांशी बोलणं सुरू झालं. दहा वर्षांत ही मोहीम एक कोटीहून अधिक घरांत पोचली. १९७०च्या सुमारास या भूभागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक मुलं पाच वर्षांची होण्याआधी जात. आज ती संख्या तिसाच्या आसपास आहे. त्यात लसीकरणाचा आणि वाढत्या उत्पन्नाचाही वाटा आहे, पण पहिला मोठा हात या चिमटीभर मिठाचा होता.

मी हे एवढ्या तपशिलानं सांगतो आहे, कारण मुस्लिमबहुल समाजांतल्या बदलाची चर्चा आपल्याकडे बहुधा राजवाड्यापासून सुरू होते. तुर्कस्तानात मुस्तफा केमालनं १९२८ मध्ये एका कायद्यानं लिपी बदलली. इराणच्या रझाशाहनं १९३६ मध्ये बायकांच्या डोक्यावरची चादर जबरदस्तीनं काढायला लावली आणि १९७९च्या क्रांतीनंतरच्या राजवटीनं तितक्याच जबरदस्तीनं ती पुन्हा चढवली. दोन्ही वेळा फर्मान वरून आलं आणि बाई खाली उभी होती. बांगलादेशात दुसरंच काही घडलं. ढाक्यात सरकारं उलथत होती, राज्यघटनेतली कलमं बदलत होती, आणि त्याच काळात अंगणात बसून बायका एक वेगळा देश घडवत होत्या.

हा देश जन्मला तोच जखमी अवस्थेत. १९४७ मध्ये धर्माच्या नावावर पाकिस्तानात गेलेल्या पूर्व बंगालला १९४८ मध्येच ढाक्यात जीनांनी बजावलं की राष्ट्रभाषा उर्दूच असेल. २१ फेब्रुवारी १९५२ला बंगालीसाठी विद्यार्थी गोळ्या खाऊन पडले. नोव्हेंबर १९७०च्या चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. पुढच्या महिन्यातल्या निवडणुकीत अवामी लीगला बहुमत मिळूनही सत्ता दिली गेली नाही. १९७१चं युद्ध, एक कोटी निर्वासित, अपरिमित अत्याचार, आणि स्वातंत्र्य मिळून तीन वर्षं होतात तोच १९७४चा दुष्काळ. एवढ्या मोडलेल्या देशात सरकार सगळीकडे पोचूच शकत नव्हतं. ती मोकळी जागा स्वयंसेवी संस्थांना मिळाली.

लोकसंख्येचा प्रश्न तर भीती वाटावी असा होता. १९७५च्या सुमारास एका बाईला सरासरी सहाहून अधिक मुलं होत. गरीब, निरक्षर, शेतीवर जगणारा, धार्मिक समाज. इथे कुटुंब लहान होणारच नाही, असं मानणारे विद्वान पुष्कळ होते. त्यांना उत्तर मिळालं ते मेघनेच्या खोऱ्यातल्या मतलब या ठिकाणी.

मतलबला १९६३ पासून कॉलरा संशोधन केंद्राचं ठाणं आहे. १९६६ पासून तिथल्या गावांतला प्रत्येक जन्म, मृत्यू आणि स्थलांतर नोंदलं जातं. १९७५ मध्ये तिथे गर्भनिरोधक गोळ्या घरोघर वाटून बघितल्या. वाटणाऱ्या बहुतेक वयस्क, निरक्षर, विधवा बायका होत्या. त्यांना घरोघर फिरायची मुभा होती म्हणून त्यांना निवडलं. सुरुवातीला गोळ्या खपल्या, पण थोड्याच दिवसांत वापर घसरला. चक्कर येते, रक्तस्राव होतो, अशा तक्रारी घेऊन सून पुढे आली की या बायकांकडे उत्तर नसे. १९७७ मध्ये पद्धत बदलली. आता निवडल्या त्या त्याच गावच्या, शिकलेल्या, लग्न झालेल्या, मुलंबाळं असलेल्या आणि स्वतः कुटुंबनियोजन करणाऱ्या तरुण बायका. त्या दर पंधरा दिवसांनी यायच्या. गोळी सोसत नसेल तर सुई सुचवायच्या, त्रास झाला तर मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचवायच्या, आणि गर्भनिरोधकांचा विषय नकोसा असेल तर मुलाच्या तब्येतीची चौकशी करून परत जायच्या. दोनेक वर्षांतच त्या गावांत गर्भनिरोधक वापरणाऱ्या जोडप्यांचं प्रमाण तिसांपैकी दोन-तीन इतक्यावरून तिसात दहाच्या आसपास गेलं. शेजारच्या तशाच गावांत, जिथे नेहमीची सरकारी सेवा होती, तिथे एवढा फरक पडला नाही.

माणसं तीच, मशीद तीच, गरिबी तीच. बदललं होतं ते दारात कोण येतं आणि किती वेळा येतं, एवढंच. सरकारनंही पुढे देशभर अशा वीस हजारांवर महिला कार्यकर्त्या नेमल्या. ‘माया’ नावाच्या गोळ्या इतक्या रुळल्या की ‘माया बडी’ (बडी म्हणजे गोळी) हा शब्द घरगुती झाला. १९९०च्या दशकाच्या मध्यावर मुलांची सरासरी साडेतीनच्या खाली आली, २०११ मध्ये २.३ झाली. चीनसारखी सक्ती न होता. (नसबंदी करून घेणाऱ्यांना पैसे आणि साडी-लुंगी देण्याचा प्रकार मात्र तिथेही झाला आणि त्यावर टीकाही झाली.)

एक तुलना मला फार बोलकी वाटते. १९६१च्या जनगणनेत पूर्व पाकिस्तानची लोकसंख्या ५ कोटी ८ लाख होती आणि पश्चिम पाकिस्तानची ४ कोटी २९ लाख. आज पाकिस्तान २४ कोटींच्या पुढे आहे आणि बांगलादेश १७ कोटींच्या आसपास. धर्म एक, त्यानंतरही दशकभर सरकार एक, कायदेही बरेचसे एकच. तरी वाटा एवढ्या फुटल्या. मुस्लिम कुटुंबं मोठीच असतात कारण त्यांचा धर्म तसं सांगतो, हे वाक्य आपल्याकडे सहज टाकणाऱ्यांनी या दोन आकड्यांसमोर जरा वेळ बसावं.

पडदा मात्र खरा होता, आणि त्याविरुद्धची बंडखोरीही बाहेरून आलेली नव्हती. रंगपूरजवळच्या पायराबंद गावी १८८० मध्ये जन्मलेल्या बेगम रोकेयांना घरात इंग्रजी शिकायची परवानगी नव्हती. थोरल्या भावानं त्यांना चोरून शिकवलं. १९०५ मध्ये त्यांनी ‘सुलतानाज् ड्रीम’ ही कथा लिहिली. तिच्यात बायका विज्ञानाच्या बळावर राज्य चालवतात आणि पुरुष घरात कोंडलेले असतात. १९११ मध्ये कोलकात्यात आठ मुली घेऊन त्यांनी शाळा सुरू केली. त्यासाठी घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी केली आणि मुलींना पडदा लावलेल्या गाडीतून आणायची सोय केली. ही तडजोड त्यांनी डोळे उघडे ठेवून केली होती. पुढे अंगणात बसून शिकवणारी आपा हे त्यांचंच काम पुढे नेत होती, असं मला वाटतं: पडद्याशी भांडण्यात वेळ न घालवता त्याच्या आत शिरायचं, आणि आतली बाई एक दिवस स्वतःच्या पायांनी बाहेर येईल एवढी ताकद तिला द्यायची.

कायद्याची गोष्टही इथे सांगायला हवी, कारण तिचा एक धागा आपल्याकडे येतो. १९६१ मध्ये अयूबखानांच्या लष्करी राजवटीनं मुस्लिम कौटुंबिक कायद्याचा वटहुकूम काढला. तोंडी तलाक उच्चारून भागेना. स्थानिक परिषदेच्या अध्यक्षाला लेखी कळवायचं आणि नव्वद दिवस थांबायचं. दुसरी बायको करायची तर परवानगी घ्यायची. हाच कायदा बांगलादेशात पुढे चालू राहिला. १८ एप्रिल १९६६ला हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधानसभेवर मोर्चा नेला आणि तोंडी तलाक व बहुपत्नीत्वाविरुद्ध निवेदन दिलं, तेव्हा शेजारच्या मुस्लिम देशात या मागण्यांचा बराचसा भाग कायद्यात येऊन पाच वर्षं झाली होती. दलवाईंवर धर्म बुडवायला निघाल्याचा आरोप करणाऱ्यांना हे दाखवता आलं असतं. पण तिकडेही पूर्व बंगालच्या खेड्यात तो कायदा बराच काळ कागदावरच राहिला, कारण तो बाईला सांगायला तिच्या अंगणात कुणी आलंच नव्हतं.

शाळेचं तसंच. १९८५ मध्ये ब्रॅकनं बावीस एकशिक्षकी शाळा सुरू केल्या. बांबूच्या भिंती, तिसेक मुलं, त्यांत मुली जास्त, शिकवणारी बहुधा गावातलीच बाई. पुढे अशा शाळा हजारोंनी झाल्या. १९९४ पासून सरकारनं ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेतल्या मुलींना दरमहा छोटी रक्कम द्यायला सुरुवात केली. अटी तीन: पंचाहत्तर टक्के हजेरी, पंचेचाळीस टक्के गुण आणि शालान्त परीक्षेपर्यंत लग्न करायचं नाही. रक्कम किरकोळ होती, पण लग्नाची घाई करणाऱ्या नातेवाइकांपुढे बापाला सांगायला एक कारण मिळालं. पिढीभरात माध्यमिक शाळांत मुलींची संख्या मुलांच्या पुढे गेली.

आणि मग शिलाई मशीन आलं. १९७८ मध्ये नूरुल कादेर या माजी सनदी अधिकाऱ्यानं कोरियातल्या देवू कंपनीशी करार केला आणि आपल्या ‘देश गारमेंट्स’मधून १३० जणांना पुसानला शिकायला पाठवलं. त्यांत काही बायकाही होत्या. श्रीमंत देशांनी कोरियाच्या कपड्यांवर आयातीची मर्यादा घातली होती. बांगलादेशावर ती नव्हती, म्हणून कोरियालाही यात रस होता. परत आल्यावर काही वर्षांत त्या १३० पैकी शंभराहून अधिक जण बाहेर पडले आणि त्यांनी इतर कारखाने उभे केले किंवा चालवले. आज या उद्योगात चाळीस लाखांच्या आसपास माणसं आहेत आणि देशाच्या निर्यातीतला ऐंशी टक्क्यांहून अधिक हिस्सा कपड्यांचा आहे. पहाटे मीरपूर, सावर, आशुलियाच्या रस्त्यांवरून हातात जेवणाचे डबे घेतलेल्या मुलींचे लोंढे भरभर चालत निघतात. ज्या देशात बाजारहाटही पुरुषच करत, तिथे हे दृश्य एका आयुष्यात उभं राहिलं.

सामाजिक अर्थशास्त्रज्ञ नाइला कबीर यांनी यात एक कोडं टिपलं. ढाक्यात पडद्याची परंपरा इतकी मजबूत असून बायका कारखान्यात जात होत्या, आणि लंडनमध्ये, जिथे बाई बाहेर पडली तर कुणी काही म्हणू नये, तिथल्या बांगलादेशी बायका मात्र घरी बसून कपडे शिवत होत्या. कबीर यांना उत्तर सापडलं ते असं: लंडनची वस्ती बहुतेक सिल्हेटमधून आलेल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांची, बाहेर वर्णद्वेषाची भीती, आणि घरी काम आणून देणारे ठेकेदार. ढाक्यात मुली गावापासून, भाऊबंदांच्या नजरेपासून दूर आल्या होत्या. त्यांनी पडदा टाकला, असं मात्र म्हणता येत नाही. खरा पडदा मनात आणि नजरेत असतो, पोटासाठी प्रामाणिकपणे राबणाऱ्या बाईला अल्ला दोष देत नाही, असा अर्थ त्या स्वतःच लावत होत्या. कोणत्याही मदरशात न शिकलेल्या या मुलींनी केलेलं हे धर्मचिंतन मला मोलाचं वाटतं.

ढाक्यात काय चाललं होतं? १९७२च्या घटनेत धर्मनिरपेक्षता होती. झिया-उर-रहमान यांच्या लष्करी राजवटीनं ती १९७७ मध्ये काढली. १९८८ मध्ये पुढचे लष्करशहा एर्शाद यांनी इस्लामला राज्यधर्म केलं. २०११ मध्ये धर्मनिरपेक्षता परत आली आणि राज्यधर्मही राहिला. या उलटापालटीचा अंगणावर परिणाम झालाच नाही, असं नाही. १९९३-९४ मध्ये काही भागांत ब्रॅकच्या शाळा जाळल्या गेल्या, बायकांनी रेशमासाठी लावलेली तुतीची झाडं तोडली गेली. बाई कमवायला लागली की सावकाराची पकड सुटते आणि मौलवीचा शब्दही कमी चालतो, हे तोडणाऱ्यांना नीट कळलं होतं. गावपंचायतीत फतवे काढून बायकांना फटके मारण्याचे प्रकार घडले. २००१ मध्ये उच्च न्यायालयानं असे फतवे बेकायदा ठरवले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की धार्मिक मत देता येईल, शिक्षा देता येणार नाही.

या कहाणीत जखमाही आहेत, आणि त्या झाकून ती सांगणं मला अप्रामाणिक वाटेल. ग्रामीण बँकेच्या आणि इतरांच्या लहान कर्जांनी बाईच्या नावावर पैसा आणला, पण अनेक घरांत तो पुरुषानंच वापरला आणि हप्त्याच्या दिवशी मान खाली घालायची वेळ बाईवर आली. शिष्यवृत्ती असूनही आज विशीतल्या निम्म्याच्या आसपास मुलींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं आहे. २०१७च्या कायद्यानं तर ‘विशेष परिस्थितीत’ त्याला वाट ठेवली. आणि राणा प्लाझा. ६ एप्रिल २०१३ला हेफाजत-ए-इस्लाम या संघटनेनं ढाक्यात प्रचंड मोर्चा आणून तेरा मागण्या मांडल्या. स्त्री-पुरुषांनी सार्वजनिक जागी मिसळू नये, ही त्यांतली एक. त्यानंतर अठरा दिवसांनी सावरची ती आठमजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद राहिली, वरच्या कारखान्यांतल्या मुलींना मात्र पगार कापायच्या धमक्या देऊन आत पाठवलं गेलं. ११०० हून अधिक माणसं गेली, त्यांत बायका जास्त. एका बाजूला त्यांना घरात परत पाठवू बघणारे होते, दुसऱ्या बाजूला स्वस्त शर्टासाठी त्यांना तडे गेलेल्या छताखाली ढकलणारे. या दोघांच्या मधून त्या चालत राहिल्या.

जुलै २०२४ मध्ये नोकऱ्यांतल्या राखीव जागांवरून विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं. १४ तारखेच्या रात्री ढाका विद्यापीठातल्या मुली वसतिगृहांतून रस्त्यावर उतरल्या. त्यांतलं एक होतं रोकेया हॉल. तीन आठवड्यांनी, ५ ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना देश सोडून गेल्या आणि ग्रामीण बँकेचे संस्थापक मुहम्मद युनूस हंगामी सरकारचे प्रमुख झाले. त्या सरकारनं नेमलेल्या महिलाविषयक सुधारणा आयोगानं एप्रिल २०२५ मध्ये वारसाहक्कासह अनेक बाबतींत समानतेच्या शिफारशी केल्या. ३ मेला हेफाजतनं ढाक्यात मोठी सभा भरवून तो आयोगच बरखास्त करा, अशी मागणी केली. १६ मेला संसद भवनासमोरच्या माणिक मिया रस्त्यावर बायकांची मैत्री यात्रा निघाली. तिच्यात विद्यार्थिनी होत्या, चहामळ्यांतल्या मजूर होत्या, आणि आशुलिया-सावरकडच्या रस्त्यांवरून पहाटे डबा घेऊन चालणाऱ्या गारमेंटच्या मुलीही होत्या.